कोड टाकण्याआधी आकडा कुठे साठतो ते बघा

मे महिन्यात नीटची परीक्षा आटोपली की लातूरच्या ट्यूशन परिसरातल्या आणि नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागातल्या भाड्याच्या खोल्या रिकाम्या होऊ लागतात. अभ्यासासाठी मोबाइलवरून काढून टाकलेले गेम पुन्हा उतरवले जातात, दादाचा जुना लॅपटॉप हाती येतो. निकाल लागेपर्यंतच गेम संपवायची घाई असते. म्हणून कोणी कोड शोधतं, कोणी ट्रेनर, कोणी ‘अनलिमिटेड कॉइन’ असं लिहिलेलं मॉड एपीके. आणि मग हमखास एक प्रश्न येतो: मी तर एकटाच खेळत होतो, कुणाला फसवून हरवलं नाही, मग माझा आयडी बॅन कसा झाला?

प्रश्न रास्त आहे. माझं मत आधीच सांगतो. स्वतः विकत घेतलेला गेम, स्वतःच्या कॉम्प्युटरवर, एकट्याने खेळताना कोड वापरण्यात काहीही गैर नाही. दिवसभर दुकानात उभं राहिलेल्या माणसाला रात्री तासभर मिळतो. त्याने अवघड टप्पा कोड टाकून ओलांडला तर बिघडलं काय? ज्याच्या हाताला दुखापत आहे, बटणं झटपट दाबता येत नाहीत, त्याच्यासाठी तर कोड हाच गेम खेळण्याचा रस्ता असतो. पण ‘एकट्याने खेळणं’ आणि ‘एकट्याचा गेम’ या आज दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. आयडी जातात ते बहुतेक हा फरक न कळल्यामुळे.

कोड ही गेम बनवणाऱ्यांनीच ठेवलेली सोय होती. १९८६ साली कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ हा गेम घरच्या यंत्रावर आणत होते. तपासणीसाठी तो पुन्हा पुन्हा खेळावा लागे आणि तो त्यांनाच फार अवघड जात होता. म्हणून त्यांनी बटणांचा एक क्रम बसवला: दोनदा वर, दोनदा खाली, डावं-उजवं, डावं-उजवं आणि शेवटी दोन बटणं. तो दाबला की सगळी शस्त्रं हातात. हाच क्रम पुढे ‘काँट्रा’मध्ये तीस जीव द्यायला लागला आणि टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेमबरोबर आपल्याकडे घरोघर पोचला. १९९३ च्या ‘डूम’मध्ये, १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये असेच कोड होते. मग २००२ साली ‘व्हाइस सिटी’ आला, २००४ साली ‘सॅन अँड्रियास’ आला, आणि कॅफेत जाणाऱ्या मुलांच्या वह्यांची मागची पानं कोडने भरली. ‘पँझर’ लिहिलं की रणगाडा. ‘हेसोयाम’ लिहिलं की तब्येत पूर्ण, चिलखत पूर्ण आणि अडीच लाख डॉलर खिशात.

तेव्हा बॅन होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बॅन करायला खातंच नव्हतं. गेम सीडीवरून हार्ड डिस्कवर यायचा आणि सेव्ह फाइलही तिथेच पडून राहायची. कंपनीला तुमचं नावसुद्धा माहीत नसे. त्या काळात खेळलेली मुलं आज तिशी-पस्तिशीत आहेत आणि धाकट्या भावाला सांगतात, ‘टाक कोड, काही होत नाही.’ त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो त्या काळाचा आहे. आज गेम उघडताच आधी लॉगिन मागतो. स्टीमचं खातं, रॉकस्टारचं खातं, एक्सबॉक्सचं, मोबाइलवर गूगल प्लेचं. खेळ एकट्याचाच असला तरी खातं कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतं, आणि त्याच खात्यात विकत घेतलेले बाकीचे सगळे गेमही असतात.

म्हणून कोणताही कोड टाकण्याआधी एकच गोष्ट तपासा: जो आकडा तुम्ही बदलणार आहात, तो साठतो कुठे? तुमच्या डिस्कवर की कंपनीच्या सर्व्हरवर? लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन घातलेल्या शेतकऱ्याने घरच्या डायरीत दोन क्विंटल वाढवून लिहिले म्हणून आडत्याची पट्टी वाढत नाही. गेमचंही तसंच आहे. डायरी तुमची असेल तर हवं ते लिहा. हिशेब दुसऱ्याकडे असेल तर वाढवलेला आकडा नुसता निरुपयोगी ठरत नाही, तो पकडलाही जातो.

हे ओळखायची सोपी चाचणी आहे. मोबाइल किंवा लॅपटॉपचं इंटरनेट बंद करा आणि गेम उघडा. गेम उघडलाच नाही, किंवा उघडला पण नाणी, हिरे, पात्रं दिसेनाशी झाली, तर हिशेब कंपनीकडे आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ बराचसा एकट्यानेच खेळला जातो, समोर फक्त कॉम्प्युटरचे शत्रू असतात, तरी तो सर्व्हरशिवाय चालत नाही आणि बाहेरचा प्रोग्रॅम वापरल्याचं आढळलं की खातं बंद होतं. ‘डायब्लो’ मालिकेतले नवे भागही ऑनलाइनच चालतात. उलट गेम नेटशिवाय नीट चालला, पैसे मिळाले, खर्च झाले, सेव्ह झाले, तर आकडा तुमच्याकडे आहे. मात्र काही गेम नेट नसताना चालतात आणि नेट येताच सगळं वर पाठवतात. गुणांची यादी, मित्रांशी तुलना, क्लाउड सेव्ह यांपैकी काही मेनूमध्ये दिसत असेल तर त्या गेमचा हिशेबही कंपनीकडे आहे असं धरा.

गेममधलेच कोड

गेम बनवणाऱ्याने स्वतः दिलेला कोड हा सर्वांत सुरक्षित. त्याला परवानगी आहेच, फक्त त्याची किंमत ठरलेली असते. ‘जीटीए ५’च्या कथेच्या भागात कोड टाकला की त्या बैठकीपुरत्या अचीव्हमेंट, म्हणजे कामगिरीची पदकं, मिळत नाहीत, गेम बंद करून पुन्हा उघडला की सगळं पूर्ववत. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये नियम अधिक कडक आहे: कोड चालू केला की प्रगती सेव्हच होत नाही. ‘माइनक्राफ्ट’च्या बेडरॉक आवृत्तीत, म्हणजे मोबाइलवर चालणाऱ्या आवृत्तीत, एखाद्या जगात एकदा चीट चालू केले की त्या जगात अचीव्हमेंट कायमच्या बंद होतात, नंतर चीट बंद करूनही परत येत नाहीत. यातल्या कशानेही आयडी जात नाही.

नुकसान होतं ते सेव्हचं. ‘सॅन अँड्रियास’मध्ये रस्त्यावरच्या लोकांचं वागणं बदलणारे कोड टाकून सेव्ह केलं की काही परिणाम त्या सेव्हला कायमचे चिकटतात. ‘मॅड डॉग’ या मिशनमध्ये गच्चीवरच्या माणसाला वाचवायचं असतं. असा कोड चिकटला असेल तर तो दरवेळी आधीच उडी मारतो आणि गेम तिथेच अडकतो. पन्नास तासांची मेहनत एका मिशनला अडून बसते. म्हणून कोड टाकण्याआधी वेगळ्या जागेत सेव्ह करा आणि कोड टाकल्यावर मूळ सेव्हवर कधीच सेव्ह करू नका. कॉम्प्युटरवर सेव्ह फाइल बहुधा ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये असते. तिची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. स्टीमवर खेळत असाल तर त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन स्टीम क्लाउड तेवढ्यापुरतं बंद करा. नाहीतर तुम्ही चांगली फाइल परत ठेवता आणि क्लाउड तिच्यावर बिघडलेली फाइल आणून बसवतं.

मॉडबद्दल, म्हणजे गेमच्या फाइलमध्ये खेळाडूंनी केलेल्या बदलांबद्दलही इथेच सांगतो. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ २००६ साली आला. आज इतकी वर्षं होऊनही तो आपल्याकडे खेळला जातो, कारण हौशी लोक नव्या संघांचे, नव्या जर्सींचे, आयपीएलचे पॅच बनवत राहतात. त्या गेमला खातं नाही, सर्व्हर नाही. त्यात हवं ते बदला, धोका फक्त पॅचसोबत येणाऱ्या व्हायरसचा. त्यामुळे फाइल उघडण्याआधी अँटीव्हायरसने तपासा, आणि ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असलेला पॅच सोडून द्या.

बाहेरचे प्रोग्रॅम

खरी गुंतागुंत ट्रेनर आणि ‘चीट इंजिन’सारख्या प्रोग्रॅमपासून सुरू होते. ते काम कसं करतात हे समजलं तर धोकाही आपोआप समजतो. गेम चालू असताना तुमचे पैसे, गोळ्या, तब्येत हे आकडे कॉम्प्युटरच्या रॅममध्ये असतात. समजा तुमच्याकडे ५०० नाणी आहेत. चीट इंजिनला सांगायचं, रॅममध्ये ५०० हा आकडा कुठे कुठे आहे ते शोध. हजारो जागा सापडतात. मग गेममध्ये ५० नाणी खर्च करायची आणि त्या हजारोंपैकी कुठे आता ४५० झाले ते शोधायचं. दोन-तीनदा असं केलं की एखाददुसरी जागा उरते. तिथे नवा आकडा लिहिला की नाणी वाढली. ट्रेनरमध्ये हीच शोधाशोध दुसऱ्या कुणीतरी आधी करून ठेवलेली असते.

नांदेडच्या विष्णुपुरीत किंवा लातुरात इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की हे जरूर शिका. मेमरी म्हणजे काय, पॉइंटर म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातून तीन तासांत जे कळत नाही ते इथे अर्ध्या तासात कळतं. चीट इंजिनसोबत त्याचा स्वतःचा सरावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. सुरुवात त्यावरच करा. इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचा, कारण त्यासोबत नको असलेले प्रोग्रॅम गळ्यात मारले जातात. आणि ज्या कॉम्प्युटरवर तुमचे ऑनलाइन गेम आहेत, तो या सरावासाठी वापरू नका.

हे शेवटचं का, ते सांगतो. अँटी-चीट प्रोग्रॅमला तुमचा हेतू कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की गेमच्या मेमरीला हात लावणारा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालू आहे. दुपारी तुम्ही जुन्या, एकट्याच्या गेममध्ये पैसे वाढवले, चीट इंजिन मागे चालूच राहिलं आणि संध्याकाळी मित्राने बोलावलं म्हणून ‘काउंटर-स्ट्राइक २’ उघडला. इथे घात होऊ शकतो. स्टीमची व्हॅक ही यंत्रणा २००२ पासून आहे आणि ती व्हॅक-संरक्षित सर्व्हरवरच्या मल्टिप्लेअर खेळापुरती काम करते. एकट्याच्या खेळात केलेल्या चीटसाठी ती बॅन करत नाही. पण संरक्षित सर्व्हरवर जाताना ओळखू येणारा चीट सापडला तर मिळणारा बॅन कायमचा असतो. त्यावर अपील नाही. स्टीमचे कर्मचारीही तो काढत नाहीत. तो प्रोफाइलवर सगळ्यांना दिसतो, आणि अनेकदा लगेच न लागता काही काळाने लागतो, त्यामुळे कोणत्या दिवसाच्या चुकीमुळे तो लागला हेही कळत नाही.

‘व्हॅलोरंट’चा व्हॅनगार्ड तर विंडोजसोबतच सुरू होतो. गेम बंद आहे म्हणजे पहारा बंद आहे, असं तिथे नसतं. त्याशिवाय तिथे खात्याबरोबर कॉम्प्युटरही ओळखून अडवला जातो. म्हणून गेमिंग कॅफेतल्या पीसीवर ट्रेनर चालवू नका, ही कळकळीची विनंती आहे. तुम्ही तासाचे पैसे देऊन निघून जाता. नंतर तिथे बसणाऱ्याचा आयडी अडकतो आणि कॅफेवाल्याचं एक यंत्र निकामी होतं. कॅफे चालवणाऱ्यांनी गिऱ्हाइकांसाठी विंडोजचं साधं खातं ठेवावं, ॲडमिनचा पासवर्ड स्वतःपाशी ठेवावा. एवढ्याने बरेच ट्रेनर चालतच नाहीत.

अगदी एकट्याने खेळतानाही बॅन होऊ शकतो का? होऊ शकतो, आणि याचं ठळक उदाहरण २०१० सालचं आहे. ‘स्टारक्राफ्ट २’ जुलै २०१० मध्ये आला. ऑक्टोबरमध्ये ब्लिझर्ड कंपनीने चीट करणाऱ्या हजारो खात्यांवर कारवाई केली. त्यांत असेही खेळाडू सापडले ज्यांनी फक्त कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना बाहेरचा ट्रेनर वापरला होता. त्यांचा आक्षेप तुमच्यासारखाच होता: आम्ही कुणाचं काय बिघडवलं? कंपनीचं म्हणणं असं की एकट्याने खेळून मिळवलेल्या अचीव्हमेंटही तिच्या बॅटल डॉट नेट या ऑनलाइन सेवेवर सर्वांसमोर दिसतात आणि त्यांना तिथे मोल आहे. याच गेममध्ये कंपनीने स्वतः दिलेले कोड होते. ते टाकले की अचीव्हमेंट बंद होत, म्हणून त्यांच्यावर कुणाची हरकत नव्हती. बाहेरच्या ट्रेनरने मात्र अचीव्हमेंट चालूच राहत. म्हणजे वाद खेळ सोपा करण्याचा नव्हता, तर सर्वांसमोर मांडलेल्या यादीत न कमावलेलं नाव चढवण्याचा होता. एक्सबॉक्सनेही २००८ साली खोट्या मार्गाने गुण वाढवणाऱ्यांचे गेमरस्कोअर शून्यावर आणले आणि प्रोफाइलवर ‘चीटर’ असा शिक्का मारला होता. ब्लिझर्डची कारवाई मला कठोर वाटते, पण तिच्यामागचा तर्क खोटा म्हणता येत नाही. ट्रेनर वापरायचाच असेल तर स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाकून, नेट बंद करून वापरा. मात्र ऑफलाइन मिळालेल्या अचीव्हमेंट नेट आल्यावर वर जाऊ शकतात, हे ध्यानात असू द्या.

‘जीटीए ५’ची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडे लॅपटॉपवर मॉड टाकले जातात ते बहुतेक याच गेममध्ये. जून २०१७ मध्ये रॉकस्टारच्या मालक कंपनीने, टेक-टूने, मॉड बनवण्याचं ‘ओपन आयव्ही’ हे साधन कायदेशीर नोटीस देऊन बंद पाडलं. जगभरच्या खेळाडूंनी स्टीमवर वाईट अभिप्राय लिहून राग व्यक्त केला. काही दिवसांतच रॉकस्टारने जाहीर केलं की एकट्याच्या खेळासाठीचे, धंद्यासाठी नसलेले मॉड बनवणाऱ्यांवर साधारणपणे कायदेशीर कारवाई होणार नाही. ओपन आयव्ही परत आलं. ती मोकळीक कथेच्या भागापुरती आहे. ऑनलाइन भागात कोड चालत नाहीत आणि मॉड नेले तर खातं जातं. सप्टेंबर २०२४ पासून पीसीवरच्या ऑनलाइन भागाला बॅटलआय हा अँटी-चीट लागला. कथेच्या भागात मॉड वापरायचे असतील तर रॉकस्टारच्या लाँचरमधल्या सेटिंगमध्ये बॅटलआय बंद करता येतो. तो बंद असताना ऑनलाइन जाता येत नाही, आणि ते तुमच्या भल्याचंच आहे. गेमच्या मूळ फोल्डरची प्रत काढून मॉड त्या प्रतीत टाका. दोन्ही भाग एकाच मेनूवर आहेत, एका चुकीच्या बटणाचं अंतर आहे. म्हणून मॉड असलेली प्रत चालवताना नेट बंद ठेवणं उत्तम.

‘एल्डन रिंग’ हाही असाच दुहेरी गेम. एकट्याने खेळता येतो आणि दुसरे खेळाडू तुमच्या जगात येऊही शकतात. बदललेली सेव्ह फाइल घेऊन ऑनलाइन गेलं की १८० दिवसांची बंदी लागते. २०२२ साली तर असं झालं की ज्यांनी काहीच केलं नव्हतं तेही अडकले: दुसऱ्या खेळाडूने टाकलेली, गेममध्ये अधिकृतपणे नसलेली वस्तू त्यांनी उचलली होती. अनोळखी माणसाने फुकट दिलेली वस्तू घेऊ नका, हा घरातला नियम गेममध्येही पाळा.

स्टीमवर कुटुंबात गेम वाटून घेणाऱ्यांनी एक नियम नीट वाचावा. स्टीम फॅमिलीत सहा जणांपर्यंत गेम वाटता येतात. तुमच्या मालकीचा गेम खेळताना धाकट्या भावाला चीटसाठी बॅन झाला, तर त्या गेममध्ये मूळ मालकालाही बॅन होतो. दादा पुण्यात नोकरीला, त्याचं खातं लातूरच्या घरी चालू, हे चित्र आपल्याकडे घरोघर आहे. त्याला न विचारता त्याच्या गेमवर प्रयोग करू नका.

मोबाइलवरचं मॉड एपीके

आता सर्वांत मोठ्या धोक्याकडे येतो, कारण मराठवाड्यात बहुतेक लेकरं लॅपटॉपवर नाही, मोबाइलवर खेळतात. मॉड एपीके म्हणजे मूळ गेम फोडून, त्यात बदल करून, दुसऱ्या कुणाच्या सहीने पुन्हा बांधलेला गेम. त्यात नाण्यांशिवाय आणखी काय बांधलं आहे ते तुम्हाला दिसत नाही. ते प्ले स्टोअरवर नसतं, टेलिग्रामवरून किंवा कुठल्यातरी साइटवरून येतं. मूळ सही नसल्यामुळे गूगलचं खरं लॉगिन अनेकदा चालत नाही. मग आतलाच एखादा खोटा फॉर्म गूगल किंवा फेसबुकचा पासवर्ड मागतो. एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली जाते. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली जाते. ती मिळाली की समोरचा तुमची स्क्रीन वाचू शकतो आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतो.

आणि हा मोबाइल फक्त गेमचा नसतो. अनेक घरांत तो वडिलांचा असतो. त्याच मोबाइलवर ई-पीक पाहणी होते, पीकविम्याचे मेसेज येतात, पीएम किसानचा हप्ता जमा झाल्याचं कळतं, यूपीआयने खताचे पैसे दिले जातात. तिथे एका गेममधल्या नाण्यांसाठी ओटीपी वाचणारं ॲप बसवणं म्हणजे घरची तिजोरी उघडी टाकणं आहे. आयडी बॅन होणं हे यातलं सर्वांत लहान नुकसान. म्हणून या बाबतीत मी ‘जपून वापरा’ असं म्हणणार नाही. ज्या मोबाइलवर बँक किंवा यूपीआय आहे, त्यावर मॉड एपीके टाकूच नका.

‘फ्री फायर’चे हिरे किंवा बीजीएमआयचे यूसी (गेममधलं चलन) वाढवून देतो म्हणणारे जनरेटर सरसकट खोटे असतात. हिरे कंपनीच्या सर्व्हरवर मोजले जातात; बाहेरच्या पानावर आकडा लिहून ते वाढत नाहीत. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून जी सर्वेक्षणं भरायला लावतात, त्यातूनच त्यांची कमाई होते. बीजीएमआयमध्ये तर क्राफ्टन कंपनीने डिसेंबर २०२१ पासून चीट वापरलेला मोबाइलच कायमचा अडवायला सुरुवात केली. नवा आयडी काढा, नवा ईमेल काढा, त्या हँडसेटवर गेम उघडत नाही. समोर फक्त बॉट होते, मी सराव करत होतो, हे कारण तिथे चालत नाही.

यातून जुना मोबाइल घेणाऱ्यांसाठी एक काम निघतं. नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास, वापरलेला मोबाइल घेताना आपण बॅटरी बघतो, काच बघतो, बिल मागतो. मुलासाठी घेत असाल आणि तो हे गेम खेळत असेल, तर पैसे देण्याआधी दुकानातच गेम उतरवून, लॉगिन करून, एक सामना सुरू होतो का ते बघा. आधीच्या मालकाने चीट वापरला असेल तर बंदी मोबाइलसोबत तुमच्या घरी येते, आणि दुकानदार नंतर हात वर करतो. तयार आयडी विकत घेणं तर टाळाच. कंपन्यांच्या नियमांत आयडीची विक्री बसत नाही, आणि मूळ ईमेल ज्याच्याकडे आहे तो पैसे घेऊनही आयडी परत काढून घेऊ शकतो.

मॉड आधीच टाकलेलं असेल तर आता काय करायचं? आधी नेट बंद करा. सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत अनोळखी नाव असेल तर त्याची परवानगी काढा, मग ॲप काढून टाका. परवानगी काढल्याशिवाय काही ॲप निघतच नाहीत. नंतर नेट चालू करून प्ले प्रोटेक्टने मोबाइल तपासा. गूगल आणि फेसबुकचे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला, याच मोबाइलवरून नाही. तरीही शंका राहिली तर फोटो बाहेर काढून मोबाइल फॅक्टरी रिसेट करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते. मुलगा घाबरून दोन दिवस गप्प बसला तर हीच वेळ निघून जाते. म्हणून आई-वडिलांनी आरडाओरडा नंतर करावा, आधी फोन लावावा.

पालकांच्या मनातली एक भीतीही दूर करतो. एकट्याच्या गेममध्ये कोड टाकला म्हणून पोलीस घरी येत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायचे खेळ चालवणाऱ्यांवर आहे. चीट कोडशी त्याचा संबंध नाही. मात्र चीटचा धंदा करणं ही निराळी बाब आहे. जपानमध्ये २०२१ साली ‘झेल्डा’ या एकट्याने खेळायच्या गेमची बदललेली सेव्ह फाइल विकणाऱ्याला पोलिसांनी अटक केली होती, कारण तिथल्या कायद्याने अशी विक्री गुन्हा ठरते. मित्रांना पैसे घेऊन मॉड बसवून देणाऱ्या मुलांना घरच्यांनी वेळीच थांबवावं.

आयडी बॅन झालाच तर

कंपनीचा ईमेल आधी नीट वाचा. बॅन तात्पुरता आहे की कायमचा, स्टीमच्या यंत्रणेने केला की गेम बनवणाऱ्या कंपनीने, हे त्यात असतं. व्हॅकचा असेल तर अपीलात वेळ घालवू नका. गेमच्या कंपनीने केला असेल तर दाद तिच्याकडेच मागायची, तीही गेममधल्या किंवा अधिकृत साइटवरच्या मदत विभागातून. ‘अनबॅन करून देतो, पाचशे रुपये पाठवा’ म्हणणारा माणूस कंपनीचा नसतो. कंपनीचा सर्व्हर त्याच्या हातात नाही, तुमचे पाचशे रुपये मात्र जातात.

अपील छोटं लिहा. आयडी क्रमांक, बॅनची तारीख, त्या दिवशी कोणता मोबाइल किंवा कॉम्प्युटर वापरला, त्यावर दुसरं कोण खेळतं, आणि खरेदीच्या पावत्या. चीट वापरला असेल तर नाकारू नका. त्यांच्याकडे नोंदी असतात आणि खोटं पकडलं गेलं की पुढचं कुणी वाचत नाही. वापरला नसेल तर कोणते प्रोग्रॅम मागे चालू होते ते लिहा. स्क्रीन रेकॉर्ड करणारं, बटणं आपोआप दाबणारं किंवा गेमचा वेग वाढवतो म्हणणारं ॲप असेल तर त्याचं नाव द्या, कारण कधी कधी तेच संशयाचं कारण ठरतं. एकाच बाबतीत दहा तक्रारी पाठवू नका. विकत घेतलेल्या गोष्टींबद्दल कंपनी उत्तरच देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे नांदेडकराला नांदेडात आणि लातूरकराला लातुरात, दाद मागता येते. चीट खरोखर वापरलेला असेल तर या मार्गाने पैसे परत मिळतील अशी आशा मी देणार नाही.

अपील पाठवल्यावर उत्तर येईपर्यंत त्याच मोबाइलवर दुसरा आयडी उघडू नका. बंदी चुकवण्यासाठी उघडलेला आयडी म्हणून तोही बंद होऊ शकतो, आणि मग पहिल्या अपीलाचंही वजन जातं.